थोरल्या जाऊबाईंचे नऊ पक्षी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना केंद्रात सगळे 'दुर्बीण' म्हणतात. तोंडावर 'दुर्बीणबाई', पाठीमागे नुसतं 'दुर्बीण'. एकोणीस वर्षं त्या अणुवीज केंद्राच्या पूर्वेकडच्या मनोऱ्यावर पहाऱ्याला होत्या. 'होत्या' लिहिताना हात अडखळतो, कारण नोकरीत त्या अजून आहेत, मनोऱ्यावर नाहीत. ते कसं झालं, तेच सांगते.

मी त्याच केंद्रात धुलाईघरात आहे. आत काम करणारी माणसं जे पांढरे कपडे अंगभर घालतात, ते आम्ही धुतो, वाळवतो, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरखालून काढतो आणि घड्या घालतो. आम्हा दोघींची पाळी एकच, आठ ते चार. जायची बस एक, यायची बस एक, घर एक आणि सासूही एकच. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या नजरेतून माशी सुटत नाही. घरात शिरली की सांगते, ही कालचीच आहे."

थट्टा खरी होती. मनोऱ्यावरून त्यांना कुंपणाचा प्रत्येक खांब पाठ होता. एकोणीस वर्षांत त्यांनी पकडलं काय, तर चुकलेली गुरं, एक दारुडा आणि रस्ता विसरलेला एक म्हातारा. पण त्यांना कधी वाटलं नाही की आपण उगाच बसलोय. त्या म्हणत, "काही झालं नाही, हेच माझं काम. झालं तर दुसऱ्याचं."

पूर्वी वाईट माणूस यायचा तो पायांनी यायचा, म्हणून पहारा जमिनीकडे बघायचा. मग जगात ड्रोन आले. सुरक्षेच्या मोठ्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना, अगदी धुलाईघरातल्या बायकांनासुद्धा, हॉलमध्ये बसवून समजावलं. टेबलावर एक ड्रोन ठेवला होता, पोळपाटाएवढा. चार हात, चार पंखे.

"हे खेळण्याच्या दुकानात मिळतं," साहेब म्हणाले. "आपलं कुंपण बारा फुटी. याला बारा काय, बाराशे फूटही सारखेच."

आमच्यातली एक म्हणाली, "साहेब, यानं बाँब टाकला तर?"

"अणुभट्टीचा घुमट असल्या खेळण्यानं फुटत नाही. भीती बघण्याची आहे. कुठलं दार किती वाजता उघडतं, पहारेकरी कधी बदलतो, गाडी कुठे थांबते, हे कुणी वरून रोज बघत बसलं, तर पुढे येणाऱ्याला काही विचारावंच लागणार नाही."

मला ते ऐकून कसंसंच झालं. आपल्या घराचं छप्पर कुणी काढून ठेवावं तसं.

त्यानंतर केंद्रात बरंच बदललं. कुंपणाच्या कडेनं एक बिनड्रायव्हरची छोटी गाडी फिरायला लागली. ती इतकी हळू जायची की तिचं नाव 'कासव' पडलं. केंद्राचा स्वतःचा एक ड्रोन आला. आणि छपरावर आभाळ बघणारं एक यंत्र बसवलं. आभाळात काही हललं की कंट्रोल रूमच्या पडद्यावर ठिपका उमटायचा. पण तो ठिपका कशाचा, हे यंत्राला कळत नव्हतं. म्हणून पद्धत अशी ठरली की ठिपका आला की ऑपरेटरनं मनोऱ्यावर फोन करायचा, मनोऱ्यावरच्या माणसानं दुर्बिणीतून बघून सांगायचं, आणि ऑपरेटरनं दोनातलं एक बटण दाबायचं. 'पक्षी' किंवा 'वस्तू'. तिसरं बटण नव्हतं. 'पक्षी' दाबलं की ठिपका मिटला. 'वस्तू' दाबलं की सायरन. सायरन झाला की गेटं बंद, जो जिथे आहे तो तिथे, आणि आपला ड्रोन वर जाऊन सगळं बघून येईपर्यंत कुणी हलायचं नाही.

पहिल्या महिन्यात दुसऱ्या मनोऱ्यांवरच्या घाबरट मंडळींनी पाच वेळा 'वस्तू' सांगितलं. पाचही वेळा निघालं काय? एकदा पतंगाचा तुकडा, एकदा प्लास्टिकची पिशवी आणि तीनदा घारी. पाचही वेळा आमची बस दोन-दोन तास उशिरा सुटली. लोक पेटले. कुणाची मुलं पाळणाघरात, कुणाची आई औषधाला ताटकळलेली.

तेव्हा साहेबांनी ठरवलं की आठ ते चारच्या पाळीत कुठल्याही दिशेचा ठिपका असो, शब्द दुर्बीणबाईंचा. आणि काय सांगू, सायरनच बंद झाले! फोन वाजला की या वर बघायच्या आणि सांगायच्या, "बगळा आहे." "कबुतरं आहेत, सात." "घार. शेपटीचं एक पीस तुटलेली." ऑपरेटर त्यांना मावशी म्हणायचा. म्हणायचा, "मावशी, तुम्ही पिसं मोजता, मी तुमच्या जिवावर चहा पितो."

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळायला लागली. 'दुर्बीण आहे तोवर घर वेळेवर' ही तर म्हणच झाली. जाऊबाई हसून "पुरे रे" म्हणायच्या, पण मानेचा ताठा मला दिसायचा. चांगलं म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचं, त्यांची जाऊ म्हणून. आता लिहायला लाज वाटते, पण चारला बस सुटली की मी मनात देवाचे नाही, त्यांचे आभार मानायचे.

मग ते नऊ दिवस आले.

रोज पावणेचारला एक ठिपका उमटायला लागला, पूर्वेला, वापरलेलं इंधन पाण्यात थंड करत ठेवतात त्या इमारतीच्या वर. पावणेचार ही मनोऱ्यावरची सगळ्यात गडबडीची वेळ. पाळीचं रजिस्टर पुरं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर येणारा सही करत नाही, आणि त्याची सही झाल्याशिवाय जाणाऱ्याला उतरता येत नाही. एका हातात पेन, दुसऱ्या हातानं रजिस्टर दाबून धरलेलं, फोन खांद्यात. आणि पूर्वेला पावणेचारला काय असतं, हे जाऊबाईंना एकोणीस वर्षं ठाऊक. तिथे केंद्राचं गरम पाणी बाहेर पडतं, त्याच्यावर हवा तापते, आणि दुपार उतरताना घारी त्या हवेवर गिरक्या घेत बसतात.

"घार आहे," त्यांनी सांगितलं. मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस.

नवव्या दिवशी वारा सुटला होता. सकाळपासून इतका की आमच्या वाळवणीची दारं आपटत होती. पावणेचारला फोन आला, जाऊबाई म्हणाल्या, "घार आहे," आणि फोन ठेवला. मग पेन टोपणात घालता घालता त्यांची नजर कुंपणाच्या दिव्यांवर गेली. घारी तिथे बसल्या होत्या. एकेका दिव्यावर एकेक, पंख आवळून. त्या दुपारपासून तिथेच होत्या, आणि हे जाऊबाईंनी दुपारपासून पाहिलेलं होतं.

मग वर कोण होतं?

त्यांनी दुर्बीण लावली. घुमटाच्या उजवीकडे, इंधनाच्या इमारतीवर एक काळं काहीतरी वाऱ्यात जागच्या जागी उभं होतं. घार अशी उभी राहत नाही. चार हात होते. पोटाखाली डबीसारखं काहीतरी होतं. मग ते वळलं, सरळ रेघेत झाडांपलीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.

त्यांनी फोन उचलला. ऑपरेटर म्हणाला, "बोला मावशी."

आणि जाऊबाई म्हणाल्या, "काही नाही रे. चार वाजले का, विचारत होते."

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की बसमध्ये त्या खिडकीत बसून पूर्ण रस्ताभर बाहेर नाही, वर बघत होत्या. घरी आल्यावर गच्चीवर कपडे काढायला गेल्या आणि अर्धे दोरीवरच ठेवून खाली आल्या. थोड्या वेळानं पुन्हा गेल्या. पुन्हा तशाच आल्या. जेवताना सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबल्या.

"थोरले, भाजीत मीठ दोनदा पडलंय. या वयात कुणाच्या प्रेमात पडलीस?"

एरवी जाऊबाईंनी सव्वाशेर उत्तर दिलं असतं. त्या म्हणाल्या, "चुकलं," आणि उठून पाणी प्यायला गेल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. या घरात 'चुकलं' हा शब्द मी बारा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

दहाव्या दिवशी त्यांनी काय केलं, तर तीनलाच रजिस्टर लिहून मिटून ठेवलं आणि दुर्बीण डोळ्याला लावून फोनची वाट बघत बसल्या. आज 'वस्तू' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, कालचं कुणाला कळणार नाही, असं ठरवूनच. पावणेचार झाले. ते आलं. त्यांना स्वच्छ दिसलं. फोन मात्र वाजला नाही.

पाच मिनिटांनी त्यांनीच फोन केला. "आज ठिपका नाही आला का रे?"

"आला की. पण आता तुम्हाला त्रास नाही मावशी," ऑपरेटर खुशीत होता. "यंत्र शिकलं तुमच्याकडून. नऊ दिवस त्याच वेळी, त्याच जागी तुम्ही पक्षी म्हणालात ना? आता ते विचारत नाही. आपलं आपण पक्षी म्हणतं. तुमची विद्या चोरली हो त्यानं!"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होतो. जाऊबाईंनी देठ वाटीत टाकायचे ते पानं टाकायला सुरुवात केली. मी हात धरला.

"काय झालंय, सांगा."

त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता, पानं तशीच हातात.

मी काय म्हणाले, ते लपवणार नाही. मी म्हणाले, "गप्प बसा."

"काय?"

"गप्प बसा जाऊबाई. मनोरा जाईल, नाव जाईल. असेल कुणी पोरंटोरं उडवत. रोज येतं, रोज जातं, काही करत तर नाही."

"साहेब काय म्हणाले होते? भीती कसली आहे?"

"बघण्याची," मी पुटपुटले.

"मग ते काय करतंय दहा दिवस? जेवायला येतंय?"

मी तरी हट्ट सोडला नाही. "तुम्ही आज पाहिलंत, उद्या दिसलं की पहिल्यांदाच पाहिलं असं सांगा. मागचं कशाला उकरता?"

त्यांनी हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाल्या, "धुतलेल्या कपड्यावर काही राहिलं असेल तर तुला डोळ्यांनी दिसतं?"

"नाही. मीटर टिकटिकतं. मग पुन्हा धुवायचा."

"तुझ्या मीटरला कुणी शिकवलं की या बाईच्या कपड्यावर टिकटिक करायची नाही, तर?"

त्या बाईच्या जागी कोण कोण ते कपडे घालतं, त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

"मी नुसतं तोंडानं खोटं बोलले असते, तर ते एकदाच बोलले असते," जाऊबाई म्हणाल्या. "इथे माझं खोटं रोज पावणेचारला आपलं आपण बोलतंय. मी झोपले तरी बोलणार, मेले तरी बोलणार. उद्याचं एक खरं सांगून ते गप्प होणार नाही. नऊच्या नऊ काढायला हवेत."

दुसऱ्या दिवशी कामावर मी घड्या घालत होते. एक घडी, देवाचं एक नाव, असा माझा जप असतो. कुणाला दिसत नाही, कामही अडत नाही. त्या दिवशी शंभर घड्या झाल्या आणि नाव एकही झालं नाही. माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. शेवटी मी देवाला एवढंच म्हणाले, काल मी त्यांना जे सांगितलं, ते त्यांच्या कानात राहू देऊ नकोस.

साडेतीनला जाऊबाईंनी कंट्रोल रूमला फोन लावला. "पावणेचारचा ठिपका मला विचार. यंत्राला परस्पर बोलू देऊ नकोस."

"मावशी, कशाला उगाच..."

"विचार म्हणते ना!"

पावणेचार वाजून दोन मिनिटांनी सायरन झाला. कित्येक महिन्यांनी. आमच्या धुलाईघरात बायका जिथल्या तिथे थांबल्या. एकीच्या हातात ओले कपडे होते, त्यातून पाणी गळत राहिलं. केंद्राचा ड्रोन वर गेला, कासव झाडांच्या दिशेनं गेलं. दोघं हात हलवत परत आले. आकाश मोकळं. झाडांपलीकडच्या रस्त्यावर कुणी नाही.

पावणेसातला गेटं उघडली. बसमध्ये मागून आवाज आला, "दुर्बीण फुटली वाटतं!" सगळे हसले. जाऊबाई बसमध्ये नव्हत्या. त्या साहेबांसमोर होत्या.

तिथलं त्यांनी मला नंतर सांगितलं. साहेब चिडले नव्हते. उलट म्हणाले, "शाब्बास. यंत्रालाही फसवलं होतं त्यानं, तुम्ही ओळखलंत. आज पहिल्यांदाच दिसला ना?"

बघा, दार उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही साहेब. अकरावा दिवस आहे. यंत्राला त्यानं नाही, मी फसवलंय. आठ दिवस न बघता पक्षी म्हणाले. नवव्या दिवशी बघितलं आणि लपवलं. दहाव्या दिवशी यंत्रानं विचारलंच नाही, आणि मला दिसत होतं तरी मी बोलले नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ टेबलावरच्या कागदाचा कोपरा दुमडत राहिले. मग म्हणाले, "का, बाई? तुम्ही?"

"चारची बस चुकू नये म्हणून," जाऊबाई म्हणाल्या. "सगळे म्हणत होते ना, घर वेळेवर."

त्यांनी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. तीन पानं. घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हात धू. जेव. आज मी केलंय, मीठ एकदाच आहे."

पुढे जे झालं ते असं. जाऊबाईंना मनोऱ्यावरून उतरवलं आणि आतल्या दाराशी बसवलं, धुलाईघराच्या समोरच. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशव्या बघायच्या, आभाळाशी संबंध नाही. ते मी समजू शकते. पण यंत्रातले नुसते नऊ पक्षी पुसता येईनात. कोणते बघून सांगितले आणि कोणते न बघता, याचा आता भरवसा कुणी द्यायचा? म्हणून जाऊबाईंनी आजवर सांगितलेलं सगळंच पुसलं. बगळे, कबुतरं, तुटक्या पिसाची घार, सगळं. मनोरा गेला त्याबद्दल त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. पक्षी पुसल्याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. एकदा मला म्हणाल्या, "खरे होते गं ते. बाकीचे सगळे खरे होते."

यंत्र आता कोरं आहे. घार दिसली तरी विचारतं, आणि मनोऱ्यावरची नवीन बाई घाबरून 'वस्तू' म्हणते. आठवड्यातून तीनदा सायरन. आणि ते चार हातांचं मात्र जाऊबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून एकदाही आलं नाही. कुणाचं होतं, काय बघून गेलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. साहेबांनाही कळलं असेल असं वाटत नाही. आपल्याला कळल्याची आतली बातमी बाहेर गेली म्हणून थांबलं, की त्याचं बघून झालं म्हणून? हे मी जाऊबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मला विचारू नकोस. मी दिवसभर दुसरं काय विचारते स्वतःला?"

मागच्या आठवड्यात साडेतीनला सायरन झाला. नियम असा की दाराशी बसलेल्यानंही जवळच्या खोलीत यायचं, म्हणून जाऊबाई आमच्याकडे आल्या. बायकांनी तोंडं फिरवली. वाळवणीच्या यंत्राजवळ उभी असलेली एक भिंतीला सांगावं तसं बोलली, "पूर्वी बरं होतं बाई. एक फोन नि सगळे घरी. आता कुणाच्या खरेपणापायी माझं पोर पाळणाघराच्या पायरीवर वाट बघत बसेल."

आमच्याकडे वर एक पट्टीएवढी काच आहे, पूर्वेकडची. जाऊबाई कपड्यांच्या गाठोड्यावर चढल्या आणि बघत राहिल्या. हात आपोआप डोळ्यांकडे गेला, दुर्बीण नव्हती, पुन्हा खाली आला. मी गाठोडं धरून उभी होते, पडतील म्हणून.

"घार आहे," त्या हळूच म्हणाल्या.

पण खोली लहान. सगळ्यांनी ऐकलं. तीच बाई धावत आली. "मग सांगा ना! तिथे फोन आहे भिंतीवर. ऑपरेटर तुमचं अजून ऐकेल. दुर्बीणबाई, हात जोडते, सांगा ना."

किती दिवसांनी कुणीतरी त्यांना त्या नावानं हाक मारली होती. जाऊबाई गाठोड्यावरून उतरल्या. फोनकडे बघितलं. मला वाटलं, करतील. आणि खरं सांगते, मला वाटलं, करावा.

"ही काच धुरकट आहे," त्या म्हणाल्या. "आणि बघणं आता माझं काम नाही. मनोऱ्यावर आहे तिला बघू दे. तिनं बघून सांगितलं पाहिजे, मी सांगितलं म्हणून नाही."

"अहो पण तुम्हाला दिसलीय ना घार?"

"मला तेव्हाही दिसायची."

त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि पाठ केली. जाऊबाई माझ्या टेबलाशी आल्या, समोरून एक पांढरा कपडा ओढला आणि बाह्या जुळवायला लागल्या. त्यांना घडी जमत नव्हती. मी दुसऱ्या टोकानं धरलं. सायरन अजून तासभर चालला.